कापडावर छापलेली कॉर्सेटची जुनी जाहिरात धुण्यात का जाते?

गोधडीचा नववा चौकोन पाण्यातून वर काढला तेव्हा जाहिरातीतली बाई शाबूत होती. केसांच्या बटा, कॉर्सेटच्या (म्हणजे कंबर आवळणाऱ्या, ताठ पट्ट्या घातलेल्या जुन्या अंतर्वस्त्राच्या) शिवणी, खालचं कंपनीचं नाव, सगळ्या काळ्या रेघा जागच्या जागी होत्या. पण कॉर्सेटचा गुलाबी रंग तिथून उठून शेजारच्या पांढऱ्या पट्टीवर जाऊन बसला होता. त्याच्या आधीच्या खेपेला वेगळंच झालं होतं. रंग कुठेही पसरला नव्हता, पण अख्खं चित्र धुक्यातून पाहावं तसं पुसट झालं होतं. आणि सगळ्यात पहिल्या प्रयत्नात अक्षरांचे बारीक पापुद्रे सुटून बादलीच्या तळाशी गोळा झाले होते.

तिन्ही वेळी मी एकच म्हटलं, प्रिंट कच्चं निघालं. तिन्ही वेळी छापायची पद्धत बदलली आणि पुन्हा नव्याने फसले. ही तीन निरनिराळी दुखणी आहेत आणि तिघांचं औषध वेगळं आहे, हे कळायला एक वर्ष गेलं. तुमचंही प्रिंट धुण्यात जात असेल तर पद्धत बदलायच्या आधी नेमकं काय बिघडलंय ते ओळखा.

मी अमेरिकेत, कनेक्टिकट राज्यात राहते. हा सगळा पट्टा एकेकाळी कॉर्सेटच्या धंद्यावर पोसलेला. वॉर्नर बंधू, दोघेही डॉक्टर, त्यांनी १८७४ साली सुरू केलेला धंदा पुढे ब्रिजपोर्टला आणला. न्यू हेवनमध्ये स्ट्राउस, ॲडलर कंपनीची जुनी इमारत अजून उभी आहे, आता तिथे लोक राहतात. त्यामुळे इथल्या जुन्या बाजारांत कॉर्सेटच्या जाहिरातींची कार्डं आणि मासिकांची सुटी पानं हाताला लागतात. वॉर्नरच्या ‘कोरालाइन’ कॉर्सेटची जाहिरात मला विशेष आवडते. देवमाशाच्या जबड्यातल्या पट्ट्यांऐवजी त्यात मेक्सिकोतल्या एका वनस्पतीचे ताठ तंतू घातलेले असत. डॉक्टर स्कॉटच्या ‘इलेक्ट्रिक कॉर्सेट’मध्ये वीज नव्हतीच, नुसत्या चुंबक केलेल्या पोलादी पट्ट्या होत्या, आणि जाहिरात संधिवातासकट कितीतरी आजारांवर उतारा मिळेल असं सांगायची. कारखान्यात मशीनवर बसून हे कॉर्सेट शिवणाऱ्या बहुतेक बायाच होत्या. म्हणून मला या जाहिराती भिंतीवरच्या चौकटीत नको होत्या, गोधडीत हव्या होत्या. आजी धावदोऱ्याने जुनी लुगडी जोडायची, तसं मला या बायांच्या कामावर हाताने टाके घालायचे होते. आणि गोधडी म्हटली की ती धुतली जाणारच.

आधी लक्षण बघा

बिघडलेला तुकडा टाकून देऊ नका, तोच तुम्हाला सगळं सांगेल. पांढरा सुती रुमाल ओला करून पिळा आणि चित्रावर मिनिटभर दाबून धरा. रुमालावर रंग उतरला तर शाई पाण्यात विरघळते आहे. रुमाल कोरा निघाला आणि तरीही चित्र फिकं असेल, तर भिंगातून धागे पाहा. उभ्या-आडव्या धाग्यांच्या माथ्यावर पांढरं आणि फक्त मधल्या खाचांत रंग दिसत असेल, तर शाई धाग्यात शिरलीच नव्हती, वरवर बसली होती. तिसरं, कडेला नखाने हलकेच खरवडा. पातळ साल उचलली गेली तर तुमचं चित्र धाग्यावर नाही, धाग्यावरच्या पडद्यावर आहे.

या पाच मिनिटांनी माझे तीन महिने वाचले असते.

रंग उतरतो, काळं मात्र राहतं

नवव्या चौकोनाचं हे दुखणं सगळ्यात जास्त आढळतं, कारण घरचे प्रिंटर. शाईच्या बहुतेक घरगुती प्रिंटरमध्ये दोन जातींची शाई वापरलेली असते. एका जातीत रंग पाण्यात पूर्ण विरघळलेला असतो. दुसऱ्या जातीत रंगाचे न विरघळणारे कण असतात, ते धाग्याला चिकटून राहतात. बऱ्याच प्रिंटरमध्ये काळी शाई कणांची असते आणि निळी, लाल, पिवळी विरघळणारी. म्हणून बाई राहिली आणि गुलाबी कॉर्सेट वाहून गेला.

तुमच्या प्रिंटरची शाई कुठली ते डब्यावर शोधत बसू नका. साध्या कागदावर चारही रंगांच्या जाड पट्ट्या छापा, तासभर वाळू द्या आणि प्रत्येकीवर पाण्याचा एक थेंब ठेवा. जी पट्टी पसरेल ती कापडावरही पसरणार. माझी काळी हलली नाही, लाल मात्र थेंब टाकताच फुटली.

यावर दोन मार्ग आहेत. चारही रंग कणांच्या शाईचे असलेला प्रिंटर वापरा, किंवा जाहिरात फक्त काळ्यात छापा आणि रंग दोऱ्याने भरा. मला दुसरा मार्ग मनापासून पटतो, त्याचं कारण पुढे येईल. फक्त काळ्यात छापताना सेटिंगमध्ये ‘फक्त काळी शाई’ हा पर्याय स्वतः निवडा. नाहीतर कित्येक प्रिंटर तिन्ही रंग मिसळून काळं बनवतात आणि धुतल्यावर अक्षरांच्या कडांना जांभळट झाक येते. कापड शाई धरून ठेवेल अशी आधी लावायची तयार द्रावणंही मिळतात. त्यांनी फरक पडतो, पण वारंवार धुवायच्या वस्तूत मी विरघळणाऱ्या शाईवर विसंबणार नाही. शिवाय ती उन्हातही लवकर विटते.

कापड प्रिंटरमध्ये घालायला इकडे एका बाजूने प्लास्टिकचा थर असलेला फ्रीझर पेपर मिळतो. तो कापडाच्या मागे कोरड्या इस्त्रीने चिकटवायचा आणि कडेचे सुटे धागे अगदी जवळून कापायचे. भारतात तो सहज मिळत नसेल तर ए-फोर मापाची स्टिकर शीट घ्या. कापड तिच्यावर दाबून बसवा, पण शीटसकट इस्त्री करू नका, गोंद कापडात उतरतो. जी कड प्रिंटरमध्ये आधी जाते तिला चिकटपट्टी लावा. आणि हे कापड लेझर प्रिंटरमध्ये चुकूनही घालू नका. तिथे आतल्या उष्णतेने प्लास्टिक वितळतं आणि प्रिंटर कायमचा बिघडू शकतो.

चित्र पुसट होतं, रंग कुठेच उतरत नाही

इथे दोष शाईचा नसतो, कापडाचा असतो. नेमकं म्हणजे खळीचा. कोऱ्या मांजरपाटाला विणताना घातलेली खळ असते, आणि दुकानातल्या गुळगुळीत सुती कापडालाही वरून काहीतरी फिनिश दिलेलं असतं. शाई त्या थरावर बसते. पहिल्या धुण्यात खळ सुटते आणि शाईला सोबत घेऊन जाते. कापड नवं, छान ताठ, प्रिंटही सुरेख उठतं, म्हणून शंकाही येत नाही. मी आठ चौकोन असेच घालवले.

उपाय अगदी घरगुती आहे. कापड गरम पाण्यात, साबण आणि थोडा धुण्याचा सोडा घालून दोनदा धुवा. पाणी पिवळसर निघत असेल तर तिसऱ्यांदाही. मग भरपूर स्वच्छ पाण्यातून काढा. कपडे मऊ करणारं द्रावण अजिबात नको, त्याचाही थर बसतो. वाळल्यावर कापडावर पाण्याचा थेंब सोडा. तो मोत्यासारखा उभा राहिला तर खळ अजून आहे, पुन्हा धुवा. टेकताक्षणी पसरून आत गेला तर कापड छापायला तयार आहे.

मऊ पडलेलं जुनं धोतर किंवा चादर घेतली तर हा त्रास मुळातच कमी. शेकडो धुण्यांतून गेलेल्या कापडात खळ उरत नाही आणि सुईही लोण्यासारखी जाते. फक्त विणकाम घट्ट हवं. विरळ कापडावर जाहिरातीतली बारीक अक्षरं धाग्यांच्या मधल्या भोकांत हरवतात.

छापून झाल्यावर एक दिवस वाळू द्या, मग वाफ न वापरता कोरडी इस्त्री फिरवा. पहिलं धुणं हाताने, थंड पाण्यात, कापड घडी न घालता सपाट धरून. सुटी शाई निघतच असते. घडी घातली तर तीच समोरच्या पांढऱ्या भागावर छापली जाते.

पापुद्रे सुटतात

पहिल्या प्रयत्नात मी लेझर प्रिंटवर ॲक्रिलिक जेलचा, म्हणजे चित्रकार वापरतात त्या वाळल्यावर प्लास्टिकसारख्या होणाऱ्या गोंदाचा, थर दिला होता, तो कापडावर पालथा चिकटवून मागचा कागद पाण्याने चोळून काढला होता, आणि दुसऱ्याच दिवशी धुतला. ही पद्धत चांगली आहे. लेझरची भुकटी म्हणजे मुळात रंग मिसळलेलं प्लास्टिक, पाण्याने तिला काहीही होत नाही. चुकलं ते दोन ठिकाणी. मी थर जाड दिला, आणि तो आतपर्यंत पक्का होण्याची वाट पाहिली नाही. ॲक्रिलिक हाताला काही तासांतच कोरडं लागतं, पण आतून पक्कं व्हायला कित्येक दिवस लागतात. आता मी चपट्या ब्रशने, खालचा कागद दिसत राहील इतका पातळ थर देते आणि धुवायच्या आधी किमान दोन आठवडे थांबते.

कागद काढताना ओलं असेपर्यंत चित्र स्वच्छ दिसतं, वाळलं की पांढुरकं. तो बिघाड नव्हे, कागदाचा लगदा राहिलेला असतो. पुन्हा ओलं करून बोटाच्या पेराने गोल गोल चोळा, तीन-चार खेपांत जातो. नखाने घाई केलीत तर अक्षरं जातील.

अशा चित्रावर थेट इस्त्री ठेवू नका, ॲक्रिलिक मऊ होऊन तळाला चिकटतं. मध्ये सिलिकॉन लावलेला बेकिंगचा कागद घाला किंवा उलट्या बाजूने करा. आणखी एक अडचण: या पडद्यातून हाताने सुई जात नाही, गेली तर भोक कायमचं राहतं. म्हणून ही पद्धत भिंतीवरच्या पडद्याला, पिशवीला ठीक. दाट टाक्यांच्या गोधडीला नाही.

इथेच मग छापणाऱ्या दुकानांचाही विचार करू. नाशिकच्या माझ्या मैत्रिणीने सुती तुकड्यांवर जाहिराती छापून घेतल्या, झळझळीत रंग, आणि एका धुण्यात अर्ध्याहून अधिक गेले. ती सब्लिमेशनची छपाई होती. त्यात उष्णतेने शाईची वाफ होऊन ती पॉलिएस्टरच्या धाग्यात शिरते. सुती धागा तिला धरत नाही. दुकानदाराला ‘कापडावर होईल का’ असं विचारू नका. ‘शंभर टक्के सुती आहे, वीस वेळा धुणार आहे’ असं सांगा आणि तळहाताएवढा एक तुकडा छापून मागा.

चित्र आधीपासूनच खराब असेल तर

काही वेळा धुण्याला उगाच दोष लागतो, मूळ स्कॅनच नीट नसतो. जाहिरात भिंगाखाली धरा. सुट्या, कोरलेल्या बारीक काळ्या रेघा दिसल्या तर ते लाकडी ठशावरचं कोरीव काम आहे. १८८० च्या दशकातल्या मासिकांतल्या जाहिराती बहुधा अशाच. कापडाला याच्याइतकं मानवणारं दुसरं काही नाही. हाताने टाकलेले अनियमित रंगीत ठिपके असले तर रंगीत लिथोग्राफी, म्हणजे दगडावर चित्र काढून केलेली छपाई; बहुतेक जाहिरातींची कार्डं अशीच. आणि एकसारख्या ओळीत बसलेले ठिपके असतील तर फोटोवरून केलेली जाळीची छपाई, साधारण १८९० च्या पुढची. या तिसऱ्या जातीचा स्कॅन केला की चित्रावर चौकड्यांची नक्षी उमटते. स्कॅनरमध्ये जाळी काढण्याचा पर्याय असतो, तो लावा. ६०० डीपीआयला स्कॅन करून मग चित्र लहान केलं तरीही नक्षी बरीच विरते. माझ्या अनुभवात कापडावर या जातीच्या जाहिराती धूसरच दिसतात. गोधडीसाठी मी त्या घेणं सोडून दिलं.

दुसरी हमखास गडबड पिवळ्या कागदाची. लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद सव्वाशे वर्षांत तपकिरी होतो. तो रंग स्कॅनमध्ये ठेवला तर कापडावर मळक्या चौकोनासारखा छापला जातो, आणि विरघळणाऱ्या शाईचा असल्याने धुण्यात डागाडागांनी निघतो. स्कॅन करड्या रंगात घ्या आणि कागद पूर्ण पांढरा होईपर्यंत उजेड वाढवा. जुनेपणा हवाच असेल तर छापायच्या आधी कापड चहाच्या पाण्यात भिजवून रंगवा.

अक्षरं उलटी येणं हेही नेहमीचंच. कापडावर थेट छापताना चित्र सुलटंच ठेवायचं. कागदावरून कापडावर उतरवायचं असेल तरच ते आरशातल्यासारखं उलटं करायचं. मात्र प्रिंटरचा ‘ट्रान्सफर’ पर्याय बऱ्याचदा स्वतःच उलटं करतो. तुम्हीही केलं असेल तर दोनदा उलटून ते सुलटं होतं आणि कापडावर उलटं उतरतं. आधी कागदावर एकच शब्द छापून पाहा.

मूळ कार्ड कृपा करून कापू नका, कापडाला चिकटवू नका. त्या काळच्या मुलींनी ही कार्डं वह्यांत जपून चिकटवली होती, बऱ्याच कार्डांच्या पाठीवर त्या वहीच्या कागदाचे तुकडे अजून आहेत. बाजारातून विकत घ्यायचीही गरज नाही. हार्वर्डच्या बेकर लायब्ररीने आणि बॉस्टन पब्लिक लायब्ररीने अशी कार्डं स्कॅन करून सगळ्यांसाठी खुली ठेवली आहेत. १९०० च्या आधीच्या अमेरिकन जाहिरातींवर आता कॉपीराइट उरलेला नाही. काही कंपन्यांची नावं मात्र अजून बाजारात चालतात, तेव्हा विकायच्या वस्तूवर ठळक ब्रँडचं नाव घेताना विचार करा.

बिघडलेला चौकोन वाचवायचा असेल

रंग पसरलेला असेल तर कापड वाळू देऊ नका, इस्त्री तर मुळीच नको. वाहत्या थंड पाण्याखाली सपाट धरा, मग मोठ्या टबात बुडवून पाणी स्वच्छ राहीपर्यंत बदलत राहा. मला अकरा वेळा बदलावं लागलं. ब्लीच वापरू नका, बाकीचे रंगही जातात आणि सुती धागा कमकुवत होतो. पापुद्रे सुटलेल्या तुकड्यावर पुन्हा गोंद लावण्याचा मोह आवरा. सुटे कण झाडून टाका, वर बारीक जाळीचं पारदर्शक कापड ठेवा आणि चारही बाजूंनी बारीक टाक्यांनी शिवून घ्या. चित्र आतून दिसत राहतं आणि घासलं जात नाही. पुसट झालेल्या तुकड्यावर पुन्हा छापू नका, रेघा कधीच जुळत नाहीत. जी रेघ दिसते तिच्यावरून एकेरी दोऱ्याने उलटटीप घाला.

नवव्या चौकोनात अकराव्या पाण्यानंतर फक्त काळ्या रेघा उरल्या. तेव्हा मी मूळ कार्ड पुन्हा भिंगाखाली धरलं. कॉर्सेटच्या प्रत्येक उभ्या पट्टीच्या टोकाला चित्रकाराने पंख्यासारख्या तीन-चार बारीक रेघा काढल्या होत्या. खऱ्या कॉर्सेटवर तिथे रेशमी टाके असत, फ्लॉसिंग म्हणतात त्याला. आतली पट्टी टोकाला कापड फाडून बाहेर येऊ नये म्हणून ते घालत. मी गुलाबी दोऱ्याचे दोन पदर घेतले, खालच्या टोकातून सुई वर काढली आणि एकाच भोकातून चार टाके वर पसरवले, मधले लांब, बाजूचे आखूड. चौदा पट्ट्या, वर-खाली मिळून अठ्ठावीस पंखे. पट्ट्यांच्या दोन्ही कडांनी गोधडीचाच धावदोरा घातला, अस्तरापर्यंत आरपार. तिथे कापड थोडं दबलं, मधला भाग फुगून वर आला, आणि छापलेल्या पट्ट्यांना खऱ्या पट्ट्यांसारखा उठाव आला.

दोरा घेताना तोही आधी तपासा. गडद लाल आणि गुलाबी दोरे रंग सोडतात. वीतभर तुकडा ओला करून पांढऱ्या रुमालात घट्ट गुंडाळून रात्रभर ठेवा. सकाळी रुमाल कोरा निघाला तरच सुईत ओवा.